मराठी नावं वर्णानुक्रमे लावताना: काळे आधी की कावळे? (जावा कम्पॅरेटर)

पानवेल

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची कार्डं संगणकावर घ्यायचं काम मी रविवारी रविवारी करतोय. साधारण ४,२०० पुस्तकं आहेत. नोंदी झाल्या, जावामध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, लेखकाच्या आडनावानुसार यादी काढली आणि कौतुकाने ग्रंथपाल काकूंना दाखवली. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं: "काळे कावळ्यांच्या आधी कसे आले रे? ळ तर ह च्या नंतर." त्या गेली तीसेक वर्षं हातानं कार्डं लावतायत.

मग मी स्वतःचा कम्पॅरेटर, म्हणजे दोन नावांत आधी कोण ते सांगणारा कोडचा तुकडा, लिहिला. तर्क साधा होता. दोन नावं घ्यायची आणि पहिलं वेगळं अक्षर शोधायचं. पहिल्या नावात तिथे ळ असेल तर १ परत करायचा (म्हणजे पहिलं नाव नंतर), नाहीतर जावाची तुलनेची नेहमीची पद्धत, कम्पेअरटू.

पंचवीस नावांवर चालवून पाहिलं, प्रोग्रॅम विनातक्रार चालला. सगळी ४,२०० टाकली तर मध्येच बंद पडला. चूक दाखवतो ती अशी: तुलनेची पद्धत तिचा सर्वसाधारण करार मोडते आहे. कुठला करार? मी कोणाशी केला? आणि पंचवीस नावांना तो का आठवला नाही?

बोरूबहाद्दर

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. जावाचं कम्पेअरटू मराठी वाचत नाही, ते आकडे बघतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात, ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५, ह चा ०९३९ (सोळाआधारी). म्हणून ळ हा व, श, ष, स, ह या सगळ्यांच्या पुढे घुसतो.

उत्तररात्र

पण ळ तिथे ठेवलाच का? मराठीचा कोणी माणूस तिथे नव्हता का?

बोरूबहाद्दर

तसं नाही. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर बेतली आहे. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची समान अक्षरं समान जागी बसवली. गुजराती ळ आणि कन्नड ळ सुद्धा आपापल्या तक्त्यात ल च्या शेजारीच आहेत, आणि त्या दोन्ही भाषांच्या वर्णमालेतही तो ह च्या नंतर म्हणतात. तक्त्यातली जागा म्हणजे पत्ता. घर कितव्या क्रमांकाचं आहे यावरून पंगतीत कोण कुठे बसणार ते ठरत नाही.

अश्वत्थ

कराराबद्दल मी सांगतो, कारण असा दोष शोधण्यात माझे दोन पूर्ण दिवस गेले होते.

कम्पॅरेटर म्हणजे नुसती पद्धत नव्हे, ते वचन आहे. तुम्ही वर्गीकरणाला, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या कोडला, सांगता की माझ्याकडे कुठलीही दोन नावं आणा, मी क्रम सांगेन, आणि फिरवून विचारलंत तर उत्तर बरोबर उलटं देईन. शिवाय क हा ख च्या आधी आणि ख हा ग च्या आधी असेल, तर क हा ग च्या आधीच सांगेन.

आता पानवेल, तुमचा तर्क कागदावर चालवून बघा. प्रश्न पहिला: (काळे, कावळे). वेगळं अक्षर ळ आणि व. पहिल्या नावात ळ आहे, उत्तर १, म्हणजे काळे नंतर. बरोबर. प्रश्न दुसरा, तीच नावं फिरवून: (कावळे, काळे). पहिल्या नावात त्या जागी व आहे, ळ नाही, म्हणून कम्पेअरटू. ०९३५ वजा ०९३३, उत्तर धन, म्हणजे कावळे नंतर! ज्याला आधी विचारलं तो म्हणतो मी मागे बसतो. दोघंही मागे बसणार म्हणतायत, मग पुढे कोण?

ल किंवा र शी गाठ पडली तर हा घोळ दिसतच नाही, कारण तिथे आकड्यांचा क्रम आणि आपला क्रम सारखाच आहे. घोळ होतो तो व, श, ष, स, ह पाशी.

आता पंचवीस नावं का चालली? जावा ७ पासून (२०११) ऑब्जेक्टच्या यादीसाठी टिमसॉर्ट ही क्रम लावायची पद्धत वापरतात. मूळ टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथन या भाषेसाठी लिहिलेला. जावाच्या टिमसॉर्टमध्ये ३२ पेक्षा कमी घटक असले तर यादीचे तुकडे करून जोडणं होतच नाही, एकेक नाव उचलून जागेवर खोचलं जातं. करार मोडल्याची तपासणी ही जोडण्याच्या टप्प्यात असते. म्हणून लहान यादी कुरकुर न करता चुकीची लागते. ती पंचवीस नावं परत नीट वाचा, त्यातही काळे-कावळे ज्या क्रमाने टंकले त्यानुसार पुढेमागे झाले असतील.

पानवेल

अश्वत्थ, आत्ता तपासलं. अगदी तसंच! मी काळे नंतर टंकले होते म्हणून ते नंतर होते. उलटे टंकले की कावळे नंतर. मी यादी चालली म्हणून खूश होतो, वाचली नव्हती. मनापासून आभार.

सुपारीफुटी

वाचनखूण साठवली. "मग पुढे कोण" हे आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. :)

खडूफळा

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय शिकवते. मुलांचा नेहमीचा गोंधळ: पुस्तक या क्लासमध्येच (वस्तूच्या साच्यातच) कम्पेअरेबल, म्हणजे तिचा स्वतःचा क्रम, घालायचं की बाहेर वेगळा कम्पॅरेटर करायचा?

मी विचारते, पुस्तकाला स्वतःचा असा एकच क्रम आहे का? वाचनालयात त्याच पुस्तकाला लेखकानुसार, नावानुसार, दाखल क्रमांकानुसार असे तीन क्रम लागतात. दाखल क्रमांक हा त्याचा जन्मजात क्रम म्हणता येईल, तो क्लासच्या आत ठेवा. बाकीचे बाहेर, वेगवेगळे ऑब्जेक्ट म्हणून. वर्गीकरण करणाऱ्याला फक्त कम्पॅरेटर हा इंटरफेस माहीत असतो, आत कोणता क्रम आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उद्या काकूंचं मत बदललं तर पुस्तकाच्या क्लासला हातही लावायचा नाही, दुसरा ऑब्जेक्ट द्यायचा.

आणि एक विनंती, दाखल क्रमांकाची तुलना वजाबाकीने करू नका. मोठे धन-ऋण आकडे आले की इंटिजरची (पूर्णांकाची) मर्यादा ओलांडून चिन्ह उलटतं. इंटिजरचं स्वतःचं कम्पेअर आहे, ते वापरा.

लाल_शाई

खडूफळा मॅडम, इथेच मला वेगळं वाटतं. मराठी क्रम ही मतं बदलण्याची गोष्ट नाही. वर्णमाला एकच आहे. एक पक्का क्लास करा आणि विषय संपवा.

गोदाकाठ

लाल_शाई, मी बावीस वर्षं ग्रंथालयात आहे. वर्णमाला एकच, पण क्रम एक नाही हो. क्ष आणि ज्ञ कुठे ठेवणार? शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असं शेवटी म्हणतो. काही कोशांत क्ष शेवटी मिळतो, काहींत क च्या पोटात, क् + ष म्हणून. अनुस्वाराचं तेच. बाराखडीत कं, कः शेवटी येतात, पण बऱ्याच याद्यांमध्ये अंकुश हा अकोल्याच्या आधी असतो. वाचक कप्प्यासमोर उभा राहून ज्या जागी हात घालतो, ती जागा खरी.

लाल_शाई

व्याकरण काय सांगतं? क्ष हे जोडाक्षर आहे. क् आणि ष. त्याला वर्णमालेत वेगळी जागा देणंच चूक. तसं तर त्र आणि श्र यांनीही हट्ट धरावा.

गोदाकाठ

व्याकरणाशी माझं भांडण नाही. पण क्षीरसागर शोधणारी आजी क च्या कप्प्यात कौ च्या नंतर बघत नाही, ती थेट शेवटच्या कप्प्याकडे जाते. तिला तिथं पुस्तक मिळालं पाहिजे.

स्टॉकहोमचा_पाऊस

दोघांचंही बरोबर असू शकतं. इकडे स्वीडिशमध्ये ॲ-ऑ सारखी तीन स्वराक्षरं झेड च्याही नंतर, वर्णमालेच्या अगदी शेवटी येतात. जर्मनमध्ये तर दोन अधिकृत रीती आहेत: शब्दकोशात टिंबवाला ओ हा साध्या ओ सारखा धरतात, नावांच्या यादीत, म्हणजे फोनबुकात, तो ओ-ई असा उलगडून धरतात. डीन ५००७ या जर्मन मानकात दोन्ही रीती दिल्यात. स्पॅनिशमध्ये च चा उच्चार देणारी सी-एच ही जोडी वेगळं अक्षर म्हणून लावत, ते भाषा-अकादम्यांनी १९९४ मध्ये ठरवून बंद केलं. त्यांचा क्ष म्हणा ना.

म्हणजे खडूफळा म्हणतात तेच. क्रम हा बाहेरून देता यायला हवा.

सुपारीफुटी

स्पॅनिश लोकांनी ठरवून मिटवलं. आपण आधी धाग्यावर दोनशे प्रतिसाद करू, मग ठरवू. :)

चिंचगूळ

मुद्द्यावर येते. ळ साठी जर-तर लिहू नका. आज ळ, उद्या ॲ, परवा ऱ. जर-तरची साखळी वाढली की अश्वत्थ यांनी दाखवलेला घोळ कुठेतरी परत शिरणारच. नियम सांगा, तुलना यंत्रावर सोडा.

आयसीयू नावाची मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. तिच्यात रूलबेस्डकोलेटर, म्हणजे दिलेल्या नियमाने क्रम लावणारा, क्लास आहे. त्याला नियमाची एक ओळ द्यायची:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

इतकंच. ह च्या नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. हा कोलेटर स्वतःच कम्पॅरेटर आहे, थेट यादीच्या सॉर्टला देता येतो. मराठीसाठी तयार कोलेटरही त्यात आहे. आधी तो तुमच्या यादीवर चालवून बघा, पटला नाही तर स्वतःचा नियम लिहा.

जावाच्या स्वतःच्या पेटीतही कोलेटर आहे, पण त्यात मराठीचे नियम नाहीत, त्यामुळे नुसती मराठीची लोकेल (भाषेची खूण) देऊन काम होत नाही.

उत्तररात्र

एका ळ साठी अख्खी लायब्ररी ओढायची? ती दहा एमबीहून मोठी आहे. सत्तर ओळींचा तक्ता हाताने लिहून होईल. प्रत्येक अक्षराला वजन, क्ष आणि ज्ञ आधी एकत्र उचलायचे, मग वजनांची तुलना.

चिंचगूळ

तक्ता लिहा, शिकायला उत्तम. पण हे सगळं हाताळायला लागेल:

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, क्रमांक ०९७२. आकड्यांनी लावलं तर 'ॲडव्होकेट' हा 'हौस' च्याही मागे जातो. शिवाय काही कळफलक तोच आकार अ वर चंद्र देऊन दोन संकेतांत लिहितात. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द.

दऱ्या, सुऱ्या मधला अर्धा र. तोही दोन प्रकारे लिहिला जातो. एकात टिंबवाला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. ४,२०० नोंदी तीन जणांनी टंकल्या असतील तर दोन्ही प्रकार सापडणारच. आयसीयू तो न दिसणारा जोडक दुर्लक्षितं आणि ऱ-र मधला फरक दुय्यम धरतं, म्हणून दोन्ही शेजारी येतात.

आणि 'भाग १०' हा 'भाग २' च्या आधी येतो ना? आकडे संख्या म्हणून वाचायची सोय आयसीयूत एका ओळीत चालू करता येते. देवनागरी २ आणि इंग्रजी टू चा आकडाही ते एकाच पायरीवर धरतं.

अँड्रॉइडवर तर ७.० पासून आयसीयू आतच आहे, काही ओढायलाच नको.

उत्तररात्र

ॲ चं माहीत नव्हतं. तक्ता लिहायचा विचार सोडला.

तांबडामाती

पायथनवाल्यांसाठी: तिथे तुलनेऐवजी 'की', म्हणजे चावी, देतात. पायथन ३ मध्ये जुनं तुलनेचं सीएमपी काढून टाकलं. कल्पना अशी की प्रत्येक नावाची एकदाच चावी बनवा आणि चाव्यांची तुलना करा. जावातही कोलेशनकी आहे. ४,२०० नावांना वर्गीकरणात अंदाजे पन्नास हजार तुलना होतात. प्रत्येक वेळी दोन्ही नावं नव्याने उलगडण्यापेक्षा ४,२०० चाव्या परवडतात. इतक्या छोट्या यादीत फरक जाणवणार नाही, पण तालुक्याची मतदार यादी असेल तर नक्की.

अश्वत्थ

एक धोका राहिला. पानवेल, तुम्ही ट्रीसेट (आपोआप क्रमाने लागणारा, दुबार वस्तू न घेणारा संच) वापरताय का? वापरत असाल तर काळजी घ्या. ट्रीसेट दोन वस्तू एकच आहेत का हे कम्पॅरेटरला विचारून ठरवतो. शून्य, म्हणजे दोन्ही सारख्या, असं उत्तर आलं की दुसरी वस्तू घेतच नाही. लेखकानुसार कम्पॅरेटर दिलात तर एका लेखकाचं एकच पुस्तक उरेल आणि कुठलीही चूक दाखवली जाणार नाही.

पानवेल

बाप रे. सूची ॲरेलिस्ट या साध्या यादीत आहे, पण लेखकांचं पान ट्रीसेटमध्ये होतं. एकाच नावाचे दोन लेखक आहेत आमच्याकडे, एक कथा लिहिणारे, एक शेतीवर. शेतीवाले गायब होते! आता लेखक, मग पुस्तकाचं नाव, मग दाखल क्रमांक असं देनकम्पेअरिंगने जोडलं. दाखल क्रमांक प्रत्येकाचा वेगळाच, त्यामुळे शून्य येणार नाही.

खडूफळा

शाबास. हेच उदाहरण उद्या वर्गात सांगते, तुमची हरकत नसेल तर.

गोदाकाठ

अवांतर: डॉ., प्रा., कै. या उपाध्या क्रमात धरू नका. आडनाव, स्वल्पविराम, मग नाव असं वेगळं खानं ठेवा. संतांना आडनाव नसतं, त्यांचं नावच पहिल्या खान्यात. नाहीतर निम्मे लेखक ड च्या कप्प्यात सापडतील.

पानवेल

चार रविवारांनंतर परत आलोय. चिंचगूळ यांचा नियम घातला. यादी काकूंना दिली. कालेलकर, कावळे, काशीकर, कासार, काळे, कुलकर्णी. त्यांनी मान डोलावली. केसकर, मग केळकर. पुन्हा मान डोलावली. शेवटी क्षीरसागर, मग ज्ञानदेव. खूश.

मग पुस्तकांच्या नावांची यादी घेतली आणि थांबल्या. "पक्षी पळसाच्या मागे?"

खरंच तसं होतं. क्ष ला ळ च्या नंतर ठेवलं की तो शब्दाच्या आतही तिथेच जातो. पक्षी हा पहाट आणि पळस यांच्या मागे, लक्ष्मण हा लहाने यांच्या मागे. नियमाप्रमाणे बरोबर, पण काकूंच्या कार्डांत नाही. मी जुना लाकडी कप्पा काढून बघितला. क्ष ने सुरू होणारी कार्डं शेवटच्या कप्प्यात, पण पक्षी मात्र पक्का आणि पखवाज यांच्या मध्ये, म्हणजे क धरून. तीस वर्षं त्या दोन्ही रीती एकत्र चालवत होत्या, आणि मी विचारेपर्यंत त्यांनाही ते वेगळं जाणवलं नव्हतं.

लाल_शाई

म्हणजे शब्दाच्या आत जोडाक्षर आणि सुरुवातीला स्वतंत्र अक्षर. हे मला पटेल. आजींचा कप्पाही राहिला आणि क् + ष ही राहिलं.

चिंचगूळ

मग दोन पायऱ्यांचा कम्पॅरेटर करा. पहिली पायरी: शब्द क्ष ने सुरू होत असेल तर विभाग १, ज्ञ ने असेल तर २, बाकी सगळे ०. विभागांची तुलना. दुसरी पायरी: विभाग सारखा असेल तर कोलेटर, ज्याच्या नियमात फक्त &ह < ळ. दोन्ही पायऱ्या स्वतंत्रपणे वचन पाळतात, म्हणून एकामागून एक जोडल्या तरी वचन मोडत नाही.

अश्वत्थ

+१. आणि नावं फिरवून विचारणारी चाचणी लिहून ठेवा. यादीतली प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी विचारा, उत्तरांची चिन्हं उलट आली पाहिजेत. ४,२०० नावांच्या जोड्या पावणेदोन कोटींच्या आसपास होतात, पण यंत्राला ते जड नाही.

पानवेल

लिहिला. चाचणी पण लिहिली, एकही जोडी अडखळली नाही. काकूंनी प च्या कप्प्यातली कार्डं एकेक करून यादीशी ताडली, दोन चहा झाले तेवढ्यात. तीन ठिकाणी फरक निघाला. तिन्ही वेळा कार्डच चुकीच्या जागी होतं, ते त्यांनी उचलून नीट लावलं.

अनुस्वार राहिलाय. जुन्या कप्प्यात अंकलीकर सगळ्यात पुढे आहेत, पण संत आणि संस्कृती यांची कार्डं सौ च्या मागे आहेत. पुढच्या रविवारी अ पासून ह पर्यंत सगळे कप्पे उघडून बघणार, मग इथे लिहितो.

गोदाकाठ

सौ च्या मागे म्हणजे बाराखडीप्रमाणे लावलेत. अ चा कप्पा बहुतेक दुसऱ्या कोणी लावला असेल. काकूंना विचारा त्यांच्या आधी ग्रंथपाल कोण होतं.